खटला वाचायचा कसा?
(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संविधान-वर्गातील काही अनुभव)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "तुमच्या रविवारच्या वर्गाविषयी काहीतरी लिहा" अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही वकील नव्हे, प्राध्यापकही नव्हे. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि बँकेच्या काउंटरवर बसलो, ते आजतागायत. परंतु संस्थेच्या सभागृहात गेली सहा वर्षे महाविद्यालयीन मुलामुलींचा संविधान-वर्ग चालविताना जे उमगले आणि जिथे आमची फजिती झाली, ते दोन्ही सांगितले तर इतर वस्त्यांतून असे वर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना थोडा उपयोग होईल, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

वर्गाला येणारी मुले बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची. बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. संविधानाची उद्देशिका सर्वांना मुखोद्गत. अनुच्छेद १७ कशाचा म्हणून विचारले की एका सुरात उत्तर येते, अस्पृश्यता नष्ट. अनुच्छेद ३२ कशाचा? सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा. स्पर्धा परीक्षेच्या चार पर्यायांतून अचूक पर्याय निवडण्यात ही मुले आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. पण पुढचा प्रश्न विचारून पाहावा. हा हक्क मागायला पहिल्यांदा कोण गेले? काय घेऊन गेले? न्यायालयाने काय म्हणून दिला, किंवा काय म्हणून नाकारला? येथे वर्ग गप्प होतो. बाबासाहेबांनी लिहिलेले संविधान आम्ही पूज्य मानतो, हे योग्यच आहे. परंतु पूजा केल्याने ग्रंथ वाचून होत नाही.

पहिल्या वर्षी आम्हीही तीच चूक केली. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, घटनादुरुस्तीची पद्धत, असे क्रमाने टिपणे सांगत गेलो आणि मुले उतरवून घेत गेली. आषाढात वीस मुले होती, दिवाळीनंतर पाच उरली. त्या पाचांपैकी दोघे सभागृहाची किल्ली सांभाळणारे होते. दोष मुलांचा नव्हता.

दुसऱ्या वर्षी आम्ही टिपणे बंद केली आणि खटले हाती घेतले. एका वेळी एकच खटला, आणि तोही निकालपत्राच्या मूळ पानांवरून. गाईडमधला चार ओळींचा सारांश घ्यायचा नाही, असा नियम केला. निकालपत्र इंग्रजीत, म्हणून प्रारंभी मुले दचकली. मग अशी पद्धत पाडली की एकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो मराठीत आपल्या शब्दांत सांगायचा, आणि अडलेला शब्द तिसऱ्याने शब्दकोशात पाहायचा. एका खटल्याला दोन-तीन रविवार लागतात. लागू द्यावेत. वर्षभरात आठ खटले झाले तरी पुष्कळ झाले.

निकालपत्रात काय शोधायचे हे सांगताना आमचा बँकेचा व्यवसाय उपयोगी पडला. खातेदाराचा धनादेश न वटता परत जातो तेव्हा त्यासोबत एक चिठ्ठी जाते आणि त्या चिठ्ठीत कारण लिहावे लागते. पुरेशी शिल्लक नाही, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. कारण न लिहिता धनादेश नुसता परत फेकता येत नाही. आणि कारण समजले की खातेदाराला पुढे काय करायचे ते कळते. शिल्लक नसेल तर पैसे भरावेत, सही चुकली असेल तर पुन्हा सही करून आणावी. न्यायालयाच्या निकालाचेही तसेच आहे. कोण जिंकले हे वर्तमानपत्रात येते. कारण मात्र निकालपत्रातच सापडते, आणि पुढचे सगळे त्या कारणावर अवलंबून असते. मुलांना ही गोष्ट चटकन पटली.

मद्रासचे दोन निकाल, एकाच दिवशीचे

आरंभ आम्ही चंपकम दोराईराजन खटल्याने करतो. आरक्षणाच्या प्रत्येक चर्चेत हे नाव येते, पण निकालपत्र वाचलेला माणूस विरळा. त्यात आम्हीही होतो. वर्गात आम्ही ठासून सांगितले की, चंपकम या ब्राह्मण तरुणीला चांगले गुण असूनही मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश नाकारला गेला, म्हणून ती न्यायालयात गेली. पुढच्या रविवारी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, निकालपत्राची प्रत घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तिने अर्जच केला नव्हता."

आम्ही प्रत हातात घेतली. खरेच होते. चंपकम यांनी प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्ज केल्याचे दिसत नाही, चौकशी केली असता आपल्याला प्रवेश मिळणार नाही असे त्यांना समजले, असे निकालपत्रातच नमूद आहे. एवढेच नव्हे, तर अर्ज न करताच हक्कभंगाची तक्रार घेऊन कोणी न्यायालयात यावे याला आम्ही संमती देतो असा अर्थ कोणी काढू नये, असेही न्यायमूर्तींनी बजावले आहे. सरकारनेच हा मुद्दा ताणला नाही म्हणून खटला पुढे चालला. प्रत्यक्ष अर्ज केला होता तो दुसऱ्या अर्जदाराने, श्रीनिवासन याने, आणि तो गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी होता. त्याचे गुण ४५० पैकी ३६९. वर्षानुवर्षे भाषणांतून ऐकलेली गोष्ट आम्ही जशीच्या तशी पुढे ढकलत होतो. आम्ही वर्गासमोर चूक कबूल केली. त्या दिवसापासून तो मुलगा बोलू लागला, आणि आम्ही तयारी करून येऊ लागलो.

आता खटल्यातील मूळ बाब. मद्रास प्रांतात जातवार वाटपाचा एक शासकीय आदेश होता. महाविद्यालयातील दर १४ जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २ (निकालपत्रात हाच शब्द आहे), अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना मिळून १ आणि मुसलमानांना १. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हा आदेश घटनाबाह्य ठरविला. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्या असे अनुच्छेद ४६ सांगतो, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने म्हटले की ते मार्गदर्शक तत्त्व आहे, ते मूलभूत हक्काच्या वर चढू शकत नाही.

एवढे वाचून झाले की वर्गात संताप होतो. दरवर्षी होतो. "म्हणजे कोर्ट आमच्या विरुद्धच होते," असे कोणीतरी म्हणतेच. तेव्हा आम्ही काही न बोलता दुसरे निकालपत्र वाटतो. तेही ९ एप्रिल १९५१ चेच. अर्जदार वेंकटरमण. विषय मद्रासमधील डिस्ट्रिक्ट मुन्सिफांच्या ८३ जागा. वाटप त्याच धर्तीचे: हरिजन १९, मुसलमान ५, ख्रिश्चन ६, मागास हिंदू १०, ब्राह्मणेतर हिंदू ३२, ब्राह्मण ११. बेरीज फळ्यावर करून घेतो, कारण आकड्यांची बेरीज जुळली की मुलांचा कागदावर विश्वास बसतो. या निकालात न्यायालयाने काय म्हटले? हरिजन आणि मागास हिंदू यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा वैध. बाकीच्या वाटपाने अर्जदाराचा हक्क डावलला जातो.

मग आम्ही विचारतो, न्यायालय तेच, दिवस तोच, वाटपाची तऱ्हा तीच. मग महाविद्यालयात जे चालले नाही ते नोकरीत कसे चालले?

उत्तर आम्ही सांगत नाही. संविधानाच्या प्रती उघडायला लावतो. अर्धा तास जातो. कोणीतरी अनुच्छेद १६ पर्यंत पोहोचते आणि त्याच्या चौथ्या खंडावर बोट ठेवते: मागासवर्गीयांसाठी नेमणुका वा पदे राखून ठेवण्यास राज्याला प्रतिबंध होणार नाही. मग शिक्षणाच्या बाबतीत असा खंड होता का? अनुच्छेद १५ चा चौथा खंड दाखवून एक मुलगी म्हणाली, "सर, आहे की." तिला खालची तळटीप वाचायला लावली. पहिल्या घटनादुरुस्तीने, १९५१ साली, समाविष्ट. म्हणजे निकालाच्या दिवशी तो नव्हता. नोकरीच्या अनुच्छेदात तरतूद आहे, शिक्षणाच्या अनुच्छेदात नाही, तेव्हा ती जाणूनबुजून गाळली असावी, असा न्यायालयाचा तर्क होता. हेच ते परतीच्या चिठ्ठीतले कारण.

कारण समजल्यामुळे उपायही नेमका झाला. निकाल लागला एप्रिलमध्ये आणि जून १९५१ मध्ये घटनादुरुस्ती झाली. नव्या खंडाची शब्दरचना नीट पाहण्यासारखी आहे. "या अनुच्छेदातील" एवढेच म्हणून तो थांबत नाही, अनुच्छेद २९ च्या दुसऱ्या खंडाचा नावानिशी उल्लेख करतो. का? तर चंपकम निकाल त्याच खंडावर उभा होता. शासकीय शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांवरून प्रवेश नाकारू नये, असे तो खंड सांगतो. कुलपाला पाहून किल्ली घडवावी तशी ही दुरुस्ती आहे. त्या वेळी बाबासाहेब कायदामंत्री होते. संसदेतील चर्चेत त्यांनी या निकालावर सडकून टीका केली आणि न्यायाधीशाचा निकाल पाळण्यास आपण बांधील आहोत, त्याचा आदर करण्यास नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढले. विद्यार्थ्यांना आम्ही या वाक्याचे दोन्ही भाग सारख्याच आवाजात वाचायला सांगतो. पहिला भाग गिळून दुसरा तेवढा गाजविण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, ती आम्हाला मान्य नाही.

भंडारा आणि नागपूर

मद्रासचे खटले मुलांना समजतात, पण दूरचे वाटतात. म्हणून नंतर आम्ही विदर्भात येतो.

पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१-५२. भंडारा लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता, त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. तो फेटाळण्यात आला. कारण असे की ठवरे यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली आहे, तो पंथ जात मानत नाही, सबब ते महार राहिले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले ते चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने. जसानी हे सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले उमेदवार. त्यांच्या भागीदारीच्या पेढीचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता, तो त्या खटल्यातील दुसरा मुद्दा. त्यावर ते अपात्र ठरले. आम्ही मुलांना तो मुद्दा धावता सांगतो आणि ठवरे यांच्यापाशी थांबतो.

निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, १९५४ साली. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, मुलूख त्यांच्या परिचयाचा. त्यांचे इंग्रजी सोपे आहे, म्हणूनही हे निकालपत्र वर्गाला मानवते. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. जुन्या समाजाची वागणूक काय आहे, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय आहे आणि नव्या पंथाचे नियम काय आहेत. ठवरे यांची दोन लग्ने झाली होती, दोन्ही वेळा पंथाबाहेरच्या महार मुलींशी. समाजाने त्यांना वाळीत टाकले नव्हते. ते स्वतःला महारच समजत आणि लोकही तसेच समजत. गृहस्थाश्रमी माणसाने हा पंथ स्वीकारला म्हणजे काही तत्त्वे बुद्धीने मान्य केली, त्याने जातीचा दर्जा बदलत नाही, असा निष्कर्ष निघाला. अर्ज फेटाळणे चूक ठरले. संपूर्ण निवडणूक रद्द राहिली आणि भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली.

हीच ती १९५४ ची पोटनिवडणूक, जिच्यात राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब उभे होते आणि पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब भंडाऱ्याला हरले हे आमच्या वर्गातील पोरासोरांनाही ठाऊक होते. ती पोटनिवडणूक मुळात कशामुळे लागली हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर निकालपत्र वाचेपर्यंत आम्हालाही नव्हते.

आता दुसरा खटला, पंजाबराव विरुद्ध डॉ. मेश्राम. निवडणूक १९६२ ची, विधानसभेची. नागपुरातील राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. निवडणूक याचिकेत आरोप असा की त्यांनी १९५७ साली बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून राखीव जागेवर उभे राहण्यास ते पात्रच नव्हते. न्यायाधिकरणाने निवडणूक रद्द केली, उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली, सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरविला. हा निकाल १९६५ च्या संग्रहांत छापलेला आहे.

येथे न्यायालयाने ठवरे यांच्यासारखी चौकशी केली नाही. शेजारीपाजारी काय मानतात, लग्ने कुठे झाली, हे प्रश्न मागे पडले. कारण राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात तिसरा परिच्छेद होता. १९५६ च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ असा की हिंदू किंवा शीख धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म सांगणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. सारा खटला या 'धर्म सांगणे' म्हणजे 'प्रोफेस' या एका शब्दाभोवती फिरला. न्यायालयाने शब्दकोश पाहिला आणि उघडपणे जाहीर करणे असा अर्थ घेतला. माणसाने आपण जुना धर्म सोडला असे चारचौघांत सांगितले की पुरे. दीक्षाविधी यथासांग झाला की नाही हे तपासत बसण्यात अर्थ नाही.

या खटल्यावर आम्ही वर्गाचे दोन भाग करतो. अर्ध्यांनी पंजाबराव यांच्या बाजूने बोलायचे, अर्ध्यांनी मेश्राम यांच्या बाजूने. चिठ्ठ्या टाकून ठरवितो, म्हणजे आवडीची बाजू निवडता येत नाही. मेश्राम यांची बाजू ज्यांच्या वाट्याला येते, ती मुले प्रथम हर्षाने उड्या मारतात. थोड्याच वेळात त्यांचे चेहरे उतरतात. कारण ती बाजू मांडायची तर, धर्मांतर झालेलेच नाही, असे म्हणावे लागते. पुराव्यात मेश्राम यांची भूमिका तीच होती आणि न्यायालयाला ती पटली नाही. जागा हवी तर धम्म नाकारायचा, धम्म सांगायचा तर जागा सोडायची. कायद्याने माणसाला अशा पेचात धरले होते, हे त्या क्षणी मुलांना कळते. आमच्या व्याख्यानाने ते कधीच कळले नसते.

दोन वर्षांपूर्वी या खटल्याच्या वेळी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी चर्चेत भागच घेईना. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली तिच्या आजोबांची कागदपत्रे होती. आजोबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. घरात बुद्धमूर्ती, वंदना, विपश्यना, सर्व काही. आणि सेवापुस्तिकेत मात्र धर्म हिंदू, जात महार. ही नोंद तिला बारावीच्या वर्षी कागद हुडकताना सापडली होती. तेव्हापासून तिचे आजोबांशी धड बोलणे नव्हते. "दरवर्षी दीक्षाभूमीवर जायचं आणि कागदावर हिंदू लिहायचं, हे काय सर?" असे तिने एकदा घरात भांडून विचारले होते. आजोबांनी उत्तर दिले नव्हते, ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते.

आम्ही तिच्याकडून सेवापुस्तिकेतील भरतीचे वर्ष पाहून घेतले. १९६८. मग तिच्यासमोर तीन तारखा लिहिल्या. मेश्राम खटला १९६५. आजोबांची भरती १९६८. आणि तिसऱ्या परिच्छेदात 'हिंदू, शीख' यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द घालणारा कायदा १९९०. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना पूर्वीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीत १९९० पर्यंत 'बौद्ध' असे लिहिणारा मनुष्य अनुसूचित जातीचा राहत नव्हता. आपल्या समाजात 'कागदावर एक, घरात एक' असे आयुष्य काढलेली माणसे किती असतील याची मोजदाद नाही. वाचकांनी आपापल्या घरातील जुन्या ट्रंका उघडून पाहाव्यात. ज्यांनी सवलत सोडून 'बौद्ध' लिहिले त्यांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण ज्यांना चार मुले पोसायची होती त्यांना खोटे ठरविण्यापूर्वी तो तिसरा परिच्छेद वाचलेला बरा.

तिने निकालपत्राची प्रत मागून घेतली. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आम्ही मुद्दाम काही विचारले नाही. तिनेच सांगितले, की तिने तो भाग आजोबांना मराठीत सांगितला आणि आजोबा म्हणाले, "आम्हाला खटला माहीत नव्हता बेटा. मोठ्या साहेबांनी सांगितलं, असंच लिही, नाहीतर जाशील." मग त्यांनी कपाटातून १९५६ च्या दीक्षेच्या वेळचे आपल्या वडिलांचे एक कार्ड काढून तिला दाखविले, जे आजवर कोणाला दाखविले नव्हते.

शिकविणाऱ्यांसाठी थोडे

निकाल वाचताना तो आज जिवंत आहे की नाही हे आधी पाहावे. बँकेत आम्ही जुन्या परिपत्रकावर काम केले तर अंगाशी येते, तसेच येथेही. आणीबाणीत, १९७६ साली, अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असे चार विरुद्ध एक मताने ठरले. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल मोडीत काढला. म्हणून विरोधी मताचे पान फाडून ठेवू नये. आमच्या वर्गात खन्नांचे निकालपत्र एक मुलगा वाचतो आणि बाकीचे चौघे न्यायमूर्ती होऊन त्याला विरोध करतात. थोडी नाटकबाजी होते, पण होऊ द्यावी.

दुसरे असे, की ताज्या आणि तापलेल्या निकालाला लगेच हात घालू नये. १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल आला, सहा विरुद्ध एक मताने, आणि २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द झाला. त्या रविवारी वर्गात बसायला जागा नव्हती. एकाच्या मोबाइलवर आले होते की आरक्षण संपले, दुसऱ्याच्या मोबाइलवर की आता खरा न्याय झाला. आमच्या समाजातही याबद्दल टोकाची मतभिन्नता आहे, वर्गातही होती, आणि आमचे मत आम्ही वर्गात सांगितले नाही, येथेही सांगत नाही. आम्ही एवढेच केले. सात न्यायमूर्ती, निकालपत्रे सहा, हे फळ्यावर लिहिले. न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता ठेवला होता ते शोधायला सांगितले. क्रीमी लेयरविषयी काही न्यायमूर्तींनी जे लिहिले ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे की जाता जाता मांडलेले मत आहे, यावर वाद घालायला लावला. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांचे विरोधी मत आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांचे स्वतंत्र मत ही दोन्ही मुळातून वाचायला तीन महिने लागले. तोपर्यंत मोबाइलवरची वाक्ये शिळी झाली होती.

साहित्याची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा निकालांचे जाडजूड खंड वकिलांच्या कपाटात काचेआड दिसत. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपला निकालसंग्रह संकेतस्थळावर विनामूल्य खुला केला आहे, आणि काही निकालांचे मराठी अनुवादही तेथे मिळतात. अनुवाद जड असतो. मूळ इंग्रजी शेजारी ठेवून वाचावा, म्हणजे दोन्ही भाषा सुधारतात. प्रती काढण्याचा खर्च संस्था करते. तो अत्यल्प आहे, कार्यकारिणीने त्यावर चर्चा करण्यात वेळ घालवू नये अशी नम्र सूचना.

तिसऱ्या परिच्छेदाचा विषय मुलांनी सोडलेला नाही. बौद्धांचा समावेश झाला, मग इतरांचे काय, असे त्यांनीच विचारले. म्हणून पुढील सत्रासाठी सुसाई खटला निवडला आहे, १९८५ चा. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणारा, आदि-द्रविड जातीतून ख्रिश्चन झालेला एक चर्मकार. सरकारने चर्मकारांना टपऱ्या मोफत दिल्या, त्याला दिली नाही. धर्मांतरानंतरही जुनी वंचना तितकीच तीव्र राहिली असे दाखविणारा पुरावा पुढे आला नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याचा अर्ज फेटाळला. असा पुरावा म्हणजे नेमके काय, तो कोणी, कुठून आणायचा, यावर दोन रविवार खर्च होतील असा अंदाज आहे. निकालपत्राच्या पंचवीस प्रती काढून ठेवल्या आहेत. ज्यांना वर्गात येऊन बसायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहाला यावे. वयाची अट नाही, मात्र संविधानाची प्रत आपली आपण आणावी.